आमच्या घरातला एकमेव पात्र उमेदवार

माननीय भारत सरकार यांस,

आभार मानून पत्र सुरू करायचं ही आमच्यातली रीत. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत आम्ही तिबेटी निर्वासितांनी तुम्हाला लिहिलेली पत्रं काढून पाहा. प्रत्येक पत्र 'आम्ही आपले ऋणी आहोत' इथून निघतं आणि फिरून तिथेच येतं. मधे एखादी मागणी असते, पण ती इतक्या हळू आवाजात की तुम्हाला ऐकू आली नाही यात नवल नाही. २०१८ मध्ये तर आम्ही अख्खं वर्ष 'थँक यू इंडिया' म्हणून पाळलं. म्हणजे आभारांची बाकी आमच्याकडे नाही, थोडे आगाऊच भरलेत. आज मी तो भाग ओलांडून पुढे जाते.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्ग्येलिंग वसाहतीतली. अर्जुनी-मोरगाव तालुका, गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या बाजूला. वसाहत १९७२ सालची, तुम्हीच वसवलेली. तेव्हा हा भंडारा जिल्हा होता आणि आमची म्हातारी माणसं अजून भंडाराच म्हणतात. माझा जन्म इथलाच, १९८५ चा. मी परिचारिका आहे, नागपूरला एका खासगी दवाखान्यात काम करते. घरात तिबेटी बोलते, तुमच्या कार्यालयांत हिंदी, अर्ज इंग्रजीत लिहिते. भांडायला मात्र मला मराठीच सुचते. ती मी आमच्याकडच्या प्रतापगडच्या जत्रेत आणि एसटीच्या रांगेत शिकले, त्यामुळे असेल.

आमची सगळी माहिती तुमच्याकडे आहे. आम्ही किती, कुठे, कुणाच्या पोटचे, कुठल्या जिल्ह्यात रात्री मुक्कामाला गेलो, हे आम्ही दर वेळी लिहून दिलेलं आहे. त्यामुळे मी नवीन काही सांगत नाही. फक्त आठवण करून देते.

१९५९ साली दलाई लामा आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं आली. आसामात मिसामारीला आणि बंगालात बक्सा किल्ल्यात छावण्या पडल्या. थंडीच्या मुलखातून आलेल्यांना तिथला उकाडा सोसेना, माणसं आजारी पडू लागली. मग त्यांना डोंगरात न्यायचं ठरलं आणि डोंगरात काम होतं रस्त्यांचं. माझे आजोबा चंब्याकडे रस्त्यावर दगड फोडत होते. वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, खडीच्या ढिगाजवळ बसून राहायचे. रस्त्यांवरच्या छावण्यांतल्या मुलांचे इतके हाल झाले की १९६० मध्ये जम्मूकडच्या रस्त्यांवरून ५१ मुलं धरमशाळेला आणावी लागली. आज जगभर नाव असलेलं तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज त्या ५१ मुलांपासून सुरू झालं.

तेव्हा आजोबांना कुणी विचारलं होतं का, तुमचा राष्ट्रीयत्वाचा दाखला कुठे आहे? पहार उचलता येते का, एवढंच पाहिलं ना?

१९६२ मध्ये चीनशी लढाई झाली आणि तुम्हाला डोंगर चढणारी माणसं हवी होती. तुम्ही आमच्या तरुणांची वेगळी पलटण उभी केलीत, चक्रात्याला. स्पेशल फ्रंटियर फोर्स. १९७१ मध्ये ती चितगावच्या टेकड्यांत लढली, पन्नासएक जवान तिथेच राहिले. गुप्त पलटण म्हणून त्यांचा जाहीर गौरवही झाला नाही, आणि आमच्या लोकांनी त्याबद्दल ब्र काढला नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर याच दलातला एक जवान लडाखमध्ये सुरुंगाच्या स्फोटात गेला. लेहला त्याच्या पार्थिवावर तिरंगाही होता आणि तिबेटचा झेंडाही. अख्ख्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. आमच्या वसाहतीतही पाहिलं.

सीमेवर मेलेला चालतो, तो तहसील कार्यालयात टपालाची नोंद करायला का चालत नाही? दगड फोडायला चाललो, बंदूक धरायला चाललो. खुर्चीवर बसून करायच्या कामाची पाळी आली तेव्हाच आम्ही परके कसे झालो?

आणि शिका असं तुम्हीच म्हणालात. पंडित नेहरूंनी आमच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा हव्यात हे मान्य केलं, १९६१ मध्ये त्यासाठी सोसायटी नेमली, पैसे दिले. आमच्या आयांनी त्यावर विश्वास ठेवला. स्वतः स्वेटर विकत गावोगाव फिरल्या आणि मुलं वसतिगृहात ठेवली. शिकून काय करायचं ते विचारायचं त्यांना सुचलं नाही. शिकल्यावर काम मिळतं, एवढं साधं गणित त्यांच्या डोक्यात होतं. तुमच्या डोक्यात काय होतं?

आता त्या ओळीबद्दल बोलते. तुम्हाला ती पाठ असेल.

कर्मचारी निवड आयोगाची मोठ्या भरतीची जाहिरात घ्या, किंवा संघ लोकसेवा आयोगाची. पात्रतेच्या कलमात आधी भारताचा नागरिक येतो. मग नेपाळचा प्रजाजन, भूतानचा प्रजाजन. त्यानंतर आम्ही येतो: भारतात कायम राहण्याच्या इराद्याने १ जानेवारी १९६२ पूर्वी आलेला तिबेटी निर्वासित. आयएएस-आयपीएस त्यातून वगळलेलं, ते ठीक. बाकीच्या पदांना हा निर्वासित अर्ज करू शकतो.

बासष्ट सालाआधी आलेला. आज तो जिवंत असेल तर साठीच्या पुढचा. आणि त्याच जाहिरातीत दोन पानं उलटली की वयोमर्यादा दिलेली असते, सत्तावीस, तीस, बत्तीस.

आमच्या घरात या कलमाला उतरणारा एकच माणूस आहे. माझे वडील, वय ७५, दोन्ही गुडघे गेलेले. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मग भर की फॉर्म. फी किती आहे?" आमच्या वसाहतीत हे कलम विनोद म्हणून सांगतात. लग्नकार्यात कुणी म्हातारा जरा जोरात नाचला की पोरं ओरडतात, बघा बघा, पात्र उमेदवार!

ती तारीख घातली तेव्हा तिला अर्थ होता, हे मला समजतं. साठ वर्षांत तो अर्थ उरला नाही हे तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही का? दर वर्षी ती ओळ कुणीतरी नव्या जाहिरातीत घेतं, कुणीतरी तपासतं, कुणीतरी खाली सही करतं. इतक्या माणसांच्या नजरेखालून गेलेली ओळ निष्काळजीपणाने राहिली असं मी मानू, की आम्हाला जागा आहे हे कागदावर दिसावं आणि प्रत्यक्षात कुणी येऊ नये म्हणून ठेवली असं मानू? पहिलं मानलं तर राग येतो. दुसरं मानलं तर रडू येतं.

माझी स्वतःची गोष्ट लांबवत नाही. करोनाच्या साथीत मी कोविड वॉर्डात होते. तुम्ही थाळ्या वाजवायला सांगितल्या तेव्हा आमच्यासाठीही वाजल्या, निदान मी तसं समजले. त्याच काळात एका सरकारी रुग्णालयाने कंत्राटी परिचारिकांची भरती काढली. माणसं मिळत नव्हती, तारीख पुढे ढकलत होते. मी अर्ज केला, नाव यादीत आलं, कागदपत्र पडताळणीला बोलावलं. टेबलामागच्या बाईंनी माझी सगळी प्रमाणपत्रं पाहिली, नर्सिंगची, अनुभवाची. मग म्हणाल्या, वय-राष्ट्रीयत्व-अधिवासाचं प्रमाणपत्र? मी नोंदणीपुस्तिका पुढे केली, ज्याला आम्ही सगळे आरसी म्हणतो. त्यांनी ती उघडली. फोटो, अंगठ्याचा ठसा, नूतनीकरणाचे शिक्के, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात तिबेटी. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत दिली. वाईट बाई नव्हत्या. "ताई, तुम्ही फॉरेनमध्ये येता," म्हणाल्या, "पुढची कुठंय?"

अर्जुनी-मोरगावची फॉरेन!

माझ्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, आयकर कापला जातो. पॅन कार्ड आहे, आधार आहे. पैसे घेताना तुम्हाला मी इथली वाटते. मग पैसे द्यायची वेळ आली की राष्ट्रीयत्व का आठवतं?

तुम्ही म्हणाल, यासाठीच तर आम्ही २०१४ चं धोरण आणलं. बरं झालं तुम्हीच विषय काढलात.

ऑक्टोबर २०१४, तिबेटी पुनर्वसन धोरण. त्याची प्रत वसाहतीच्या कार्यालयात आली तेव्हा माझ्या भावाने मोबाइलवर फोटो काढून सगळ्यांना पाठवले होते. काय नव्हतं त्यात! रोजगार हमी, रेशन, घरकुल. वसाहतीच्या जमिनीचा वीस वर्षांचा भाडेपट्टा. बँकेचं कर्ज. स्वेटरच्या बाजारासाठी जागा. आणि शिकलेल्यांसाठी तर कामांची नावं घालून लिहिलं होतं: परिचर्या, अध्यापन, सनदी लेखापाल, वैद्यकी, अभियांत्रिकी. परिचर्या पहिली होती. मी ती ओळ आईला दाखवली होती.

ते धोरण तुमचं होतं, पण पाळायचं राज्यांनी. आणि राज्यांना तुम्ही विनंती केली होतीत, बंधन घातलं नव्हतं. राज्य म्हणालं जिल्ह्याला विचारा, जिल्हा म्हणाला वरून पत्र आलेलं नाही, वरचे म्हणाले धोरण तर केव्हाच पाठवलंय. वसाहतीच्या कार्यालयातला आमचा मुलगा ती प्रत घेऊन इतकं फिरला की शेवटी तिची झेरॉक्स काढायला मूळ पान उरलं नाही. ज्या साहेबासमोर ती ठेवावी तो ती पहिल्यांदाच पाहत असतो. आपणच काढलेला कागद आपल्याच माणसाला ओळखता येऊ नये, हे कसं? तुम्हाला हे अंमलात आणायचं नव्हतं तर आमच्या हातात दिलंत कशाला?

जमिनीचंही तेच. वडील वसाहतीतल्या वाट्याच्या बांध्यांत पन्नास वर्षं धान लावतायत. गोठणगावच्या बायका रोवणीला येतात, आमच्या आयांशी त्यांची दोन पिढ्यांची ओळख आहे. पण सातबारावर वडिलांचं नाव नाही, तेव्हा पीककर्ज नाही. विहीर खोदायला कर्ज नाही. एका वर्षी पाऊस दडला की पुढच्या वर्षीचं बियाणं स्वेटरच्या पैशांतून येतं. वसाहतीतल्या कितीतरी बांध्या आता गावातले शेतकरी बटईने करतात, कारण आमची पोरं इथे नाहीत. ती कुठे आहेत ते पुढे सांगते.

आधी स्वेटरचं सांगते, कारण विश्वास म्हणजे काय ते मला त्या धंद्यात दिसलं.

दिवाळीच्या आसपास नागपुरात, पुण्यात, नाशकात, तुमच्या-आमच्या प्रत्येक मोठ्या गावात आमच्या लोकांचे मांडव लागतात. गिऱ्हाइकाला वाटतं हे सगळं आम्ही विणतो. माल लुधियानाचा असतो. सप्टेंबरात आमची माणसं लुधियानाला जातात, कारखानदारासमोर बसतात, गठ्ठे निवडतात आणि उधारीवर घेऊन येतात. लाखांचा माल. कारखानदार आरसी मागत नाही, सातबारा मागत नाही, जामीन मागत नाही. बापाचं नाव विचारतो, आणि बापाने कधी पैसे बुडवले नाहीत हे त्याच्या वहीत असतं. जानेवारी सरला की पैसे पोचते होतात. २०१६ च्या नोव्हेंबरात, ऐन हंगामात, तुम्ही नोटा बंद केल्यात तेव्हा आमच्या मांडवात आठवडाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही. त्या वर्षी माझ्या आईने सोन्याच्या बांगड्या मोडून उधारी फेडली. नाव राहावं म्हणून.

लुधियानाच्या त्या माणसाला आमच्यावर विश्वास ठेवायला एक वही पुरली. तुमच्या राष्ट्रीयीकृत बँकेला साठ वर्षांची नोंदणी का पुरत नाही?

पण हेही सांगते की स्वेटर हा पोटाचा उपाय आहे, त्याला आयुष्याचा धंदा म्हणू नका. तीन महिने कमाई, नऊ महिने वाट पाहणं. थंडी कमी झाली, लोक मोबाइलवर खरेदी करू लागले, पालिकेने मैदान दुसऱ्याला दिलं, की हंगाम गेला. आणि हे काम आमच्या आयांनी केलं ते मुलांना करावं लागू नये म्हणून. माझा भाऊ संगणक अभियंता आहे. तो गेली काही वर्षं तिथेच उभा आहे, त्याच मांडवात, पदवी घेऊन.

त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

माझा जन्म १९८५ चा, त्याचा १९८८ चा. एकच आई, एकच बाप, तीच खोली, तीच सुईण. आमच्या दोघांच्या मधे तुमची एक तारीख आली, १ जुलै १९८७. त्याआधी भारतात जन्मलेला माणूस तुमच्या १९५५ च्या कायद्याने जन्मतः नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याला आई-बापांपैकी एक तरी नागरिक हवा, आणि आमचे आई-वडील दोघंही तिबेटात जन्मलेले. म्हणजे कायद्याने मी तुमची आणि माझा भाऊ परका. राखीपौर्णिमा आमच्यात नसते, पण वसाहतीबाहेरच्या मैत्रिणींचं पाहून मी त्याला राखी बांधायचे. दोन देशांतला सण झाला तो.

बरं, मी तरी तुमची झाले का? कायदा १९८७ पासून तसा आहे, हे तुम्हाला २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका तिबेटी तरुणीच्या पासपोर्टच्या खटल्यात सांगितलं. तुम्ही ऐकलं नाही. २०१६ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. मधे २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने आमची नावं मतदारयादीत घ्या असं कळवलं, म्हणजे मत द्यायला आम्ही नागरिक. शेवटी २०१७ मध्ये तुम्ही पासपोर्ट द्यायला तयार झालात आणि सोबत अटी आणल्यात. आरसी परत करा. वसाहतीत राहू नका. निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा.

वसाहतीत राहू नका म्हणजे कुठे राहू? ७५ वर्षांच्या बापाला आणि बांगड्या मोडलेल्या आईला सोडून? जन्माने जे माझं आहे ते घ्यायला मी घर सोडायचं, ही अट कुठल्या कायद्यात आहे? तुमच्या गोंदियाच्या माणसाला नागपुरात नोकरीला जाताना तू आता आईच्या घरी राहायचं नाहीस असं तुम्ही लिहून घेता का?

भावाला पुण्यातल्या एका कंपनीने निवडलं होतं. मुलाखती झाल्या, पगार ठरला. मग मनुष्यबळ विभागाने आरसी पाहिली आणि विचारलं, हे काय असतं? त्याने सांगितलं. त्यांनी वकिलाला विचारलं, वकिलाने सावध उत्तर दिलं. शिवाय वर्षातून एकदा परदेशी ग्राहकाकडे जावं लागेल, आणि त्याच्याकडे पासपोर्टऐवजी तुम्ही दिलेलं पिवळं ओळखप्रमाणपत्र आहे, ज्यावर व्हिसा मागताना दूतावासातला माणूसही ते उलटसुलट करून पाहतो. बाहेर गेला तर परत यायला तुमचीच 'परत येण्यास हरकत नाही' अशी परवानगी लागते. कंपनीने क्षमा मागितली. मी त्यांना दोष देत नाही. आरसी असलेल्याला कामावर घ्यायला हरकत नाही असं एक वाक्य तुम्ही त्या पुस्तिकेत छापलं असतंत तर त्या वकिलाला सावध व्हायचं कारण उरलं नसतं. एक वाक्य. शिक्के मारायला इतकी पानं आहेत तिच्यात.

तुम्ही कधीकधी म्हणता, तुम्ही परत जाणार ना, मग इथल्या नोकऱ्या कशाला? हे बोलणं आमच्यातली काही मोठी माणसंही बोलतात. नागरिकत्व घेतलं तर तिबेटवरचा हक्क पातळ होईल असं त्यांना वाटतं, आणि या वादात आमची घरं अर्धी-अर्धी वाटलेली आहेत. तो वाद आमचा आम्हाला घालू द्या. मी तुमच्याकडे आज नागरिकत्व मागायला आलेली नाही. जायचं तेव्हा जाऊ. तोवर जेवायचं, मुलांची फी भरायची, बापाचे गुडघे बदलायचे, त्यासाठी शिकलेलं काम करू द्यायला काय हरकत आहे? युगांडाने २००६ च्या आपल्या निर्वासित कायद्यात काम करण्याचा हक्क लिहून टाकला आहे, आणि त्यांच्याकडे आलेली माणसं आमच्यासारखी लाखभर नाहीत, लाखो आहेत. तुमच्याकडे तर निर्वासितांचा कायदाच नाही. परदेशी पर्यटक आणि आम्ही एकाच रांगेत.

आणि तुम्हाला हे जमत नाही असंही नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी माणसं आणून ठेवली होती. नागरिक म्हणून घेतलंत, धंदा करू दिलात, आणि आज त्या जागी उल्हासनगर आहे. आमच्या बाजूच्या बंगाली वसाहतींतल्या लोकांना जमिनी दिल्यात, त्यांच्या तक्रारी वेगळ्या आहेत आणि खऱ्या आहेत, पण त्यांची मुलं सरकारी भरतीच्या रांगेत उभी राहतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुम्हाला रीत ठाऊक आहे एवढंच दाखवून देते.

आता आमची पोरं कुठे आहेत ते. २००९ मध्ये आमच्या निर्वासित प्रशासनाने मोजणी केली तेव्हा भारतात ९४,२०३ तिबेटी होते. पुन्हा मोजा. अमेरिकेने १९९० च्या कायद्यात भारत-नेपाळातल्या हजार तिबेटींना व्हिसा दिले होते, मग त्यांच्यामागून घरचे गेले. कॅनडाने अरुणाचलातल्या हजार जणांना नेलं. टोरोंटोच्या पार्कडेलमध्ये आता मोमोची दुकानं इतकी आहेत म्हणे, की तिथे गेलेल्याला धरमशाळेची आठवण येत नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या मुलींपैकी एक पॅरिसला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, एक न्यूयॉर्कात. तुम्ही शिकवलेल्या परिचारिका. तुमच्या रुग्णालयांत जागा रिकाम्या आहेत, भरतीच्या तारखा अजून पुढे जातायत, आणि त्या तिकडे. हिशोब म्हणून तरी हे तुम्हाला परवडतं का?

वसाहतीत संध्याकाळी आता म्हातारे दिसतात आणि शाळकरी मुलं. मधली माणसं व्हिडिओ कॉलवर.

माझा भाऊ या हंगामानंतर निघायचं म्हणतोय. कागद जमवतोय. मला फार मोठं काही नको. जाहिरातीतली ती १९६२ ची तारीख काढा, तिच्या जागी नोंदणी असलेला तिबेटी निर्वासित असं लिहा. आरसीत काम करण्याचा हक्क छापा. २०१४ च्या धोरणात विनंती केलीत तिथे राज्यांना आदेश द्या. आणि जे कायद्याने तुमचेच आहेत त्यांच्याकडून घर सोडायची अट काढून घ्या. यातल्या एकालाही पैसा लागत नाही. तुमच्याच जुन्या कागदांना जागायचं आहे.

जानेवारीअखेर तो लुधियानाची उधारी फेडेल, ती तो बुडवणार नाही. त्यानंतर त्याला थांबवायला माझ्याकडे काही नाही. तुम्ही काही कळवणार असाल तर त्याआधी कळवा. तोवर थांब, सरकारचं उत्तर येतंय, असं मी त्याला सांगू का?

आपली,
नोर्ग्येलिंग वसाहतीतली एक परिचारिका
गोठणगाव, ता. अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया